ठाणे-नवी मुंबईतल्या चित्रीकरणासाठी राज्याकडे सवलत मागायची, तर नेमकं काय मागावं?

चरई_ऐरोली यांचा प्रश्न

वागळे इस्टेट आणि टीटीसी (ठाणे-बेलापूर एमआयडीसी) पट्ट्यातले काही स्टुडिओचालक, लाइट भाड्यानं देणारे, केटरर आणि सेटचं सुतारकाम-रंगकाम घेणारे कंत्राटदार मिळून सांस्कृतिक कार्य विभागाला निवेदन देणार आहेत. सिनेमा, मालिका आणि वेबसिरीजचं काम इथून बाहेर जाऊ नये आणि बाहेरचं इथे यावं, यासाठी राज्यानं आर्थिक प्रोत्साहन द्यावं, असा मुद्दा आहे. मसुद्यात सध्या दोन मागण्या आहेत: चित्रपट व्यवसायाला राज्यात उद्योगाचा दर्जा द्या, आणि चित्रीकरणाच्या खर्चावर २५ टक्के अनुदान द्या.

जाणकारांनी मसुदा फाडून सांगावा. टक्केवारी किती मागावी? मालिका त्यात कशा बसवायच्या? आणि "राज्याला काय मिळणार" असं वित्त विभागानं विचारलं, तर टिकेल असं उत्तर काय?

खतावणी_नौपाडा

पहिली मागणी काढूनच टाका. चित्रपटाला उद्योग मानण्याची घोषणा केंद्रानं १९९८ सालीच केली. राज्यात "उद्योगाचा दर्जा" म्हटलं की फाइल उद्योग विभागाच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेकडे वळते. त्या योजनेत तालुक्यांचे गट पाडलेले आहेत आणि मुंबई-पुण्याभोवतीचा विकसित पट्टा 'अ' गटात येतो, जिथे सवलती सगळ्यात कमी. म्हणजे मागणी मान्य झाली तरी ठाणे आणि टीटीसीच्या पदरात जवळपास काहीच पडणार नाही. तुम्हाला सांस्कृतिक कार्य विभागाची स्वतंत्र योजना हवी, स्वतःच्या शासन निर्णयासह.

दुसरी मागणी बरोबर आहे, पण "अनुदान" हा शब्द बदला. आपल्याकडे अनुदान म्हटलं की मराठी चित्रपटांचं दर्जानुसार मिळणारं अनुदान डोळ्यांपुढे येतं. त्यात सिनेमा तयार झाल्यावर समिती पाहते, गुण देते आणि दर्जा ठरवून ठरावीक रक्कम मिळते. ती योजना कलाकृतीसाठी आहे आणि ती राहिलीच पाहिजे. पण शूटिंग कुठे करायचं, हा निर्णय तिच्यामुळे बदलत नाही, कारण किती मिळेल हे निर्मात्याला आधी कळत नाही. तुम्ही "राज्यात केलेल्या पात्र खर्चाची प्रतिपूर्ती" मागा. कॅमेरा लागण्याआधी निर्मात्याला कागदावर आकडा मांडता आला, तरच लोकेशनचा निर्णय फिरतो.

इतर राज्यं काय देतात तेही मसुद्यात असू द्या. उत्तर प्रदेशानं चित्रीकरणाच्या एकूण दिवसांपैकी निम्मे दिवस तिथे केल्यास कमाल १ कोटी आणि दोन-तृतीयांश दिवस केल्यास कमाल २ कोटी, अशी पायरी ठेवली. केंद्राची चित्रीकरण प्रोत्साहन योजना नोव्हेंबर २०२३ मध्ये वाढून ४० टक्के आणि कमाल ३० कोटींवर गेली. पण ती परदेशी निर्मिती आणि अधिकृत सहनिर्मितीसाठी आहे. ठाण्यात शूट होणाऱ्या मराठी मालिकेला तिचा एक रुपयाही लागू नाही. हा फरक स्पष्ट लिहा, नाहीतर "केंद्र देतंय की" असा शेरा मारून फाइल परत येईल.

आता टक्केवारी. २५ वर अडून बसू नका, पैसे किती दिवसांत मिळतील त्यावर अडा. हिशोब मांडून दाखवतो. समजा सिनेमाचं बजेट ४ कोटी आहे. मुख्य कलाकारांचं मानधन, कथेचे हक्क आणि प्रसिद्धी वजा करून राज्यातला पात्र खर्च उरला २ कोटी ४० लाख. २० टक्क्यांनी ४८ लाख होतात. निर्मात्यानं पैसा १८ टक्के व्याजानं उचललाय आणि प्रतिपूर्ती मिळाली १८ महिन्यांनी, म्हणजे सरळ व्याजानं २७ टक्के गेले. त्या ४८ लाखांची आजची किंमत राहिली साधारण ३७ लाख ८० हजार. उलट १७ टक्केच दिले, म्हणजे ४० लाख ८० हजार, पण चार महिन्यांत दिले, तर आजची किंमत ३८ लाख ५० हजारांच्या आसपास येते. निर्मात्याच्या हाती जास्त पडतं आणि तिजोरीचे ७ लाख २० हजार वाचतात. हे उदाहरण निवेदनात जसंच्या तसं घाला, वित्त विभागातल्या माणसाला ते पहिल्या वाचनात पटेल.

"राज्याला काय मिळणार" याचं उत्तर देताना बहुतेक जण एक चूक करतात. ते लिहितात की खर्चावर १८ टक्के जीएसटी लागतो, त्यातले ९ टक्के राज्याचे, म्हणजे निम्मं अनुदान आपोआप परत येतं. हे चूक आहे. निर्माता खरेदीवर भरलेला जीएसटी चॅनेलला किंवा वितरकाला लावलेल्या बिलातल्या करातून वळता करून घेतो, त्यामुळे मधल्या टप्प्यावर राज्याकडे निव्वळ काही उरत नाही. वर्षाला २० लाखांखाली उलाढाल असलेला सुतार किंवा टेम्पोवाला तर नोंदणीतच नसतो. हा दावा केलात की वित्त विभाग तिथेच बोट ठेवेल आणि पुढचं काहीच वाचलं जाणार नाही.

खरोखर राज्याकडे जातं ते असं: जनरेटर आणि गाड्यांच्या डिझेलवरचा व्हॅट, कारण डिझेल जीएसटीबाहेर आहे, वीज शुल्क, भाडेकरारांवरचं मुद्रांक शुल्क, आणि व्यवसाय कर, तोही माणशी वर्षाला २,५०० रुपयांपर्यंतच. एवढ्यातून प्रतिपूर्ती भरून निघणार नाही आणि तसा आव आणू नका. मागणीचा पाया रोजगारावर ठेवा. पात्र खर्चातला किती भाग राज्यात राहणाऱ्या तंत्रज्ञांच्या आणि रोजंदारीवरच्या कामगारांच्या हातात गेला, ते आकड्यात दाखवण्याची अट तुम्हीच सुचवा.

रेकी_घोडबंदर

खतावणी यांनी पैशाचं सांगितलं. त्याच्या जोडीला परवानगीची मागणी ठेवली नाहीत तर २० टक्केही वाया जातील. अर्ध्या दिवसाचं शूट अडलं तरी ऐंशी-शंभर माणसांची शिफ्ट, कॅमेरा, लाइट आणि व्हॅनिटीचं भाडं चालूच राहतं, आणि त्या दिवसाची प्रतिपूर्ती तेवढ्यातच बुडते.

ठाणे-नवी मुंबईची अडचण अशी, की नाव एक आणि मालक पाच. घोडबंदर रोडचंच घ्या. कासारवडवलीहून काशिमीऱ्याकडे जाणाऱ्या गाडीत चालता सीन आहे. गायमुखपर्यंत ठाणे पोलीस आयुक्तालय आणि ठाणे महापालिका. घाट उतरला की मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालय, जे २०२० साली वेगळं झालं. वाहतूक शाखेचं एकच पत्र घेऊन निघालेली, कॅमेऱ्याची रिग लावलेली गाडी गायमुखच्या पुढे अडवली जाते. तिथे वळायला जागा नसते, मागे वाहनं तुंबतात आणि दोष युनिटला लागतो.

नवी मुंबईत तर आणखी वाटण्या आहेत. बेलापूर स्टेशनची भव्य इमारत आणि बाहेरचं आवार सिडकोनं उभारलेलं, फलाट मध्य रेल्वेचा, समोरचा रस्ता महापालिकेचा. नायिका रिक्षातून उतरते, जिना चढते आणि लोकल पकडते, एवढ्या एका सीनला तीन पत्रं लागतात आणि तिन्हींवर तारीख एकच असावी लागते. रेल्वेची तारीख पुढे गेली की उरलेली दोन पत्रं रद्दी. खारघर लोकांच्या बोलण्यात नवी मुंबई असली, तरी महापालिका पनवेलची आणि जिल्हा रायगड. टीटीसीतल्या शेडमध्ये सेट लावला तर परवानगी एमआयडीसीची आणि अग्निसुरक्षेचं पत्रही त्यांच्याच अग्निशमन विभागाचं. महापालिकेचं पत्र तिथे चालत नाही. येऊर राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत, म्हणजे वन विभाग. खाडीकाठी कांदळवनापासून ५० मीटरच्या आत तात्पुरता सेटसुद्धा लावायला जाऊ नये. उच्च न्यायालयानं २०१८ साली तो पट्टा संरक्षित ठरवलाय.

ड्रोनबद्दल वेगळं लिहितो, कारण जुन्या रेकीच्या (जागेच्या आधीच्या पाहणीच्या) भरवशावर लोक अजून फसतात. नवी मुंबई विमानतळावरून डिसेंबर २०२५ पासून उड्डाणं सुरू झाली. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे चालू विमानतळाच्या कुंपणापासून ८ किलोमीटरच्या आत हवाई वाहतूक नियंत्रणाच्या परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही, आणि ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात विनापरवानगी मर्यादा २०० फुटांची आहे. उलवे, बेलापूर, पनवेल हे सगळं जवळच्या घेऱ्यात येतं. डिजिटल स्काय हा सरकारी ड्रोन नकाशा शूटच्या आठवड्यात पुन्हा बघावा.

म्हणून मागणी अशी ठेवा: गोरेगावच्या महामंडळाच्या (महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळ) एक खिडकी यंत्रणेत ठाणे, नवी मुंबई आणि पनवेल या तिन्ही महापालिका, सिडको, एमआयडीसी, वन विभाग आणि तिन्ही पोलीस आयुक्तालयं नावानिशी लिहिलेली हवीत. प्रत्येकाचा एक समन्वय अधिकारी, एकच शुल्क आणि ठरलेल्या मुदतीत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं मानण्याची तरतूद. अनामत रक्कम परत करायलाही मुदत मागा. दोन-चार महिने अडकलेली अनामत छोट्या निर्मात्याचं पुढचं शेड्यूल अडवते. (अनामत सोडवायची तर जागा ताब्यात घेताना आणि सोडताना तारखेसह फोटो काढून त्याच दिवशी मेल करावेत. नुकसान आधीचं होतं हे नंतर सिद्ध करता येत नाही.)

आणखी एक मागणी मसुद्यात अजिबात नाही, आणि माझ्या मते ठाण्यासाठी सगळ्यात मोलाची तीच आहे: शेडचं रूपांतर ध्वनिरोधक फ्लोअरमध्ये, म्हणजे चित्रीकरणाच्या बंदिस्त दालनात, करायला भांडवली साहाय्य. वागळे आणि टीटीसीतल्या बहुतेक शेड कारखान्यांसाठी बांधलेल्या आहेत. कडेची उंची अठरा-वीस फूट, वर एकेरी पत्रा. जूनमध्ये पहिली मोठी सर आली की बूम माइकमध्ये पत्र्याशिवाय दुसरं काही येत नाही. साउंड रेकॉर्डिस्ट हेडफोन काढून मान हलवतो आणि सगळं युनिट छताकडे बघत बसतं. मग एकतर पाऊस थांबायची वाट पाहायची, नाहीतर संवाद नंतर डब करायचे, म्हणजे कलाकारांच्या वेगळ्या तारखा, स्टुडिओचं वेगळं भाडं, आणि रोजच्या मालिकेला तेवढी सवडच नसते. पावसाळ्यात काम हैदराबादला जातं त्यामागे तयार, बंदिस्त फ्लोअर हे मोठं कारण आहे. अनुदानाचं कारण त्यानंतरचं.

शेड सुधारायची तर दुहेरी पत्रा, मध्ये किमान ५० मिलिमीटर रॉकवूल (आवाज शोषणारा थर), खालून जिप्सम बोर्ड, आणि लाइटसाठी वेगळा लोखंडी सांगाडा. तो भार जुन्या कैच्यांवर (छत पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यांवर) टाकू नये, वेगळे खांब घ्यावे लागतात आणि आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला. इथेच खर्च फुगतो आणि मालक माघार घेतो. जोडीला महावितरणची पुरेशी क्षमतेची कायम जोडणी हवी. तात्पुरत्या जोडणीचा दर चढा असतो, म्हणून लोक दारात १२५ केव्हीएचा जनरेटर उभा करतात, आणि मग त्याचाही आवाज.

पारसिक_सेक्टर

रहिवाशांच्या बाजूनं आणि करदात्याच्या बाजूनंही दोन गोष्टी. मागणीला विरोध नाही, पण विरोधकांचे मुद्दे आधीच मसुद्यात घेतलेत तर ती जास्त टिकेल.

अमेरिकेत राज्यांनी हा प्रयोग खूप आधी केला. मिशिगननं २००८ साली ४२ टक्क्यांपर्यंत कर-सवलत दिली, २०११ मध्ये सरकार बदलल्यावर ती आक्रसली आणि २०१५ साली बंद झाली. काम आलं तसं गेलं. जॉर्जियात २० टक्के मूळ आणि चित्रपटात राज्याचं बोधचिन्ह दाखवल्यास आणखी १० टक्के, आणि तिथे खरोखर स्टुडिओ उभे राहिले, स्थानिक तंत्रज्ञ तयार झाले. पण त्या राज्याच्याच लेखापरीक्षण विभागानं २०२० साली दाखवून दिलं की आर्थिक लाभाचे आकडे फुगवलेले होते आणि तपासणी ढिली होती. यावरून तुमच्या मसुद्यात तीन अटी हव्यात: वर्षाला एकूण किती रक्कम दिली जाईल याची मर्यादा, योजना निदान पाच वर्षं न बदलण्याची हमी, आणि दरवर्षी कुणाला किती दिले हे जाहीर करण्याचं बंधन.

दुसरं शेजाऱ्यांचं. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबलची आहे. जनरेटर सोसायटीच्या भिंतीला चिकटून उभा केला तर ती पहिल्या मिनिटाला ओलांडली जाते. जनरेटर लांब, केबल जास्त. व्हॅनिटी आणि टेम्पो रस्त्यावर नाहीत, भाड्यानं घेतलेल्या मैदानात. आणि परवानगी शुल्कातला ठरावीक वाटा त्याच प्रभागात खर्च व्हावा. हे तुम्ही स्वतःहून लिहिलंत, तर नगरसेवकाचं पत्र मिळवणं सोपं जाईल.

चरई_ऐरोली

सगळ्यांचे मनापासून आभार. उद्योगाचा दर्जा काढला, जीएसटीचा दावाही काढला (तो मसुद्यात होता). आता मुख्य परिच्छेद असा केलाय:

"राज्यात चित्रीत होणारे चित्रपट, दूरचित्रवाणी मालिका व वेबमालिका यांच्या पात्र खर्चावर १७ टक्के प्रतिपूर्ती, पूर्ण कागदपत्रं सादर केल्यापासून १२० दिवसांत, राज्यातील कामगार-तंत्रज्ञांच्या वेतनावर अधिक ३ टक्के, वार्षिक मर्यादेसह, पाच वर्षांसाठी."

मालिकांचं कसं करायचं ते मात्र अजून सुटत नाही. आणि हे द्यायचं कधी, कुणाकुणाला?

खतावणी_नौपाडा

परिच्छेद चांगला झालाय. १२० दिवसांच्या पुढे एक वाक्य जोडा: मुदत उलटल्यास व्याज देय. त्याशिवाय मुदतीला धार नसते.

मालिकांना सिनेमाची चौकट लावली की घोळ होतो. सिनेमाला सेन्सॉर प्रमाणपत्र असतं, ते मिळालं की काम पूर्ण झालं असं धरून दावा करता येतो. रोजच्या मालिकेला असं प्रमाणपत्र नाही आणि शेवटही ठरलेला नाही. पन्नास भागांत बंद पडेल किंवा हजार भाग चालेल. म्हणून दावा तिमाहीचा ठेवा, पुरावा म्हणून चॅनेलचं प्रसारण प्रमाणपत्र आणि रोजचा प्रॉडक्शन रिपोर्ट. किमान खर्चाची अटही भागागणिक न लावता तिमाहीवर लावा, नाहीतर मराठी मालिका बजेट कमी म्हणून बाहेर राहतील आणि मोठ्या वेबसिरीजच आत येतील. आणि मालिका हलायला वेळ लागत नाही, हे आवर्जून लिहा. एप्रिल २०२१ मध्ये कोविडमुळे राज्यात चित्रीकरण थांबलं, तेव्हा काही दिवसांत मालिकांची युनिट गोवा, हैदराबाद, गुजरात, दमणला जाऊन उभी राहिली. त्याच्या कितीतरी आधी, ऐंशीच्या दशकात, रामानंद सागर यांची 'रामायण' मालिका चित्रित झाली ती हद्दीपलीकडच्या उंबरगावला.

पात्र खर्चाची व्याख्या परिशिष्टात द्या, तिथेच योजना बुडतात. निर्मात्याच्याच दुसऱ्या कंपनीकडून कॅमेरा भाड्यानं घेतल्याचं फुगवलेलं बिल हा नेहमीचा प्रकार, म्हणून संबंधित पक्षांची बिलं बाजारभावापर्यंतच धरावीत. पैसे बँकेतूनच दिलेले असावेत. आयकरात तसाही एका माणसाला एका दिवसात रोखीनं १०,००० च्या वर दिलेला खर्च मान्य होत नाही. पण रोजंदारीवरच्या माणसांना यूपीआयनं दिलेलं वेतन चालेल, असं स्पष्ट लिहा. नाहीतर लेखापरीक्षक पावती पुस्तक मागत बसतील आणि नेमका कामगारांचाच खर्च अपात्र ठरेल. तसंच नोंदणी चित्रीकरणाआधी व्हावी. तत्त्वतः मंजुरीच्या तारखेआधीचा खर्च धरायचा नाही, फक्त रेकी आणि सेटची उभारणी अपवाद.

फाइल_क्रमांक

वेळेचं सांगतो. राज्याचा अर्थसंकल्प मार्चमध्ये मांडला जातो, पण विभागांचे अंदाज वित्त विभागाकडे त्याआधीच्या ऑक्टोबरपासून जायला लागतात. निवेदन सप्टेंबरअखेर पोचलं पाहिजे. जानेवारीत दिलेलं कागदोपत्री एक वर्ष पुढे जातं.

"धोरण तयार करावे" असं कुठेही लिहू नका, त्यावर समिती नेमली जाते. "दोन वर्षांची पथदर्शी योजना सुरू करावी व तिच्यासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावे" असं लिहा. लेखाशीर्षाशिवाय, म्हणजे अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या स्वतंत्र खात्याशिवाय, निघालेल्या शासन निर्णयावर कोषागारातून पैसा निघत नाही. पाच वर्षं न बदलण्याची हमी आणि दोन वर्षांची पथदर्शी योजना यांचा मेळ असा घाला: पथदर्शी काळात मंजूर झालेल्या प्रत्येक दाव्याला मंजुरीच्या दिवशीच्याच अटी शेवटपर्यंत लागू राहतील.

मूळ प्रत सांस्कृतिक कार्य विभागाच्या सचिवांना, प्रती गोरेगावच्या महामंडळाला, वित्त विभागाला आणि ठाणे व रायगड दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांना. आवक क्रमांक घेतल्याशिवाय टपालखिडकीवरून हलू नका, पुढचा पाठपुरावा त्याच क्रमांकावर होतो. आमदारांना नुसती प्रत देऊ नका, एका पानावर विधिमंडळात विचारायचा तयार तारांकित प्रश्न द्या. डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात त्याचं लेखी उत्तर मिळालं, की विभागाची भूमिका अधिकृतपणे हातात येते आणि पुरवणी मागणीत रक्कम धरण्यासाठी तोच कागद पुढे करता येतो.

रेकी_घोडबंदर

जोडपत्र म्हणून शेडची यादी लावा: पत्ता, लांबी-रुंदी, कडेची उंची, मंजूर वीजभार, आणि ४० फुटी ट्रक दारापर्यंत येतो की नाही. टीटीसीची आणि वागळेची वेगळी करा, कारण वागळेतल्या आतल्या गल्ल्यांत वळणच मिळत नाही. मोजमाप घेताना उंची कैचीच्या खालच्या पट्टीपर्यंत घ्या, पत्र्याच्या टोकापर्यंत घेऊ नका. लाइटचा सांगाडा त्या पट्टीच्या खालीच बसवावा लागतो.